वही मिटा, आठवून लिहा

रात्रीचे दोन. पीएचडीचा विद्यार्थी तोच शोधनिबंध तिसऱ्यांदा वाचतोय. पान हायलायटरने पिवळं झालंय, डोक्यात मात्र काही शिरत नाही. रोडिगर आणि कार्पिक या मानसशास्त्रज्ञांनी २००६ मध्ये दाखवून दिलं, की नुसतं पुन्हा वाचणाऱ्यांपेक्षा आठवून लिहिणाऱ्यांच्या आठवडाभरानंतर जास्त लक्षात राहतं. वही मिटायची, कोऱ्या कागदावर आठवेल ते उतरवायचं, मग चुका तपासायच्या.

पण चिंतेने झोपच उडाली असेल तर?

२०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत २६ देशांतले २,२७९ जण होते, बहुतेक पीएचडी करणारे. त्यांतल्या ४१ टक्क्यांमध्ये मध्यम ते तीव्र चिंतेची लक्षणं आढळली. अशा चिंतेला आळस म्हणणं अन्यायच आहे.

अशा वेळी सरकारची 'टेली-मानस' ही मानसिक आरोग्याची फोनसेवा १४४१६ वर मराठीतही, मोफत, चोवीस तास मिळते. हा नंबर आजच मोबाइलमध्ये सेव्ह करा.