बिनसमुद्राच्या गावची दर्याभाषा

आम्हां सोलापूरकरांचे पाणी म्हणजे सिद्धेश्वराचा तलाव, नाही तर नळाला येईल ते! समुद्र इथून शेकडो मैल दूर. तरी गंमत अशी, की आम्ही दिवसभर दर्यावर्दींची भाषा बोलत असतो. घराचे सुकाणू गृहिणीच्या हाती असते (हे समस्त नवरेमंडळींना मान्य आहे) आणि दिवाळीत मुलांच्या उत्साहाला उधाण येते.

हे उधाण मूळचे खलाशांचे. अमावास्या-पौर्णिमेच्या सुमारास चंद्र आणि सूर्य यांची ओढ एकाच रेषेत येते नि भरती चढते, ते उधाण. अष्टमीच्या सुमारास भरती बेताची, तो भांग. लक्ष्मीपूजन अमावास्येचे, तेव्हा आमचे बोलणे पंचांगालाही धरूनच आहे म्हणायचे!

सर्वांत घोटाळा नांगराचा. एका भाद्रपदात आमचे रत्नागिरीकडचे व्याही पंगतीत सांगत होते, "वारा फिरला, तशी तांडेलाने खाडीच्या तोंडाशी नांगर टाकला." शेजारी आमचे बार्शीचे मामा. त्यांचा घास हातातच राहिला. "ऐन रब्बीच्या तोंडावर नांगर टाकला? मग ज्वारी कशी पेरणार हो?"

मामांचे काही चुकले नाही. शेतातला नांगर संस्कृत 'लांगला'तून आला, गलबतावरचा फारसी 'लंगरा'तून. मराठीत येऊन दोघे एकच नाव लावू लागले. कोळ्यांचा नाखवाही फारसी 'नाखुदा', म्हणजे नावेचा धनी. आणि ज्याची आम्ही जूनमध्ये आभाळाकडे डोळे लावून वाट पाहतो, तो मान्सून? अरबांचा 'मौसिम', म्हणजे ठराविक काळ. दर्यावर्दींना तो गलबते हाकारण्याचा. पोर्तुगीज व इंग्रज यांच्या तोंडून फिरत तो आमच्या कोरडवाहू शिवारात पोचला. उलट, आंग्र्यांच्या आरमारातल्या गुराबा आणि गलबते 'ग्रॅब' आणि 'गॅलिव्हॅट' होऊन इंग्रजीत शिरली.

पण सोलापूरचे समुद्राशी नाते केवळ शब्दांचे नाही. १८८२ साली याच गावात शेठ वालचंद हिराचंद जन्मले. कापडगिरण्यांच्या गावचा हा माणूस जहाजांच्या धंद्यात पडला, तोही इंग्रज कंपन्यांची मक्तेदारी असताना. ५ एप्रिल १९१९ रोजी सिंदिया कंपनीची 'लॉयल्टी' मुंबईहून लंडनला निघाली. पुढे दरयुद्ध पेटले. १९२३ मध्ये 'लॉयल्टी' मोडीत निघाली आणि त्याच वर्षीच्या करारान्वये सिंदियाला किनाऱ्यालगतच्या वाहतुकीवर समाधान मानावे लागले.

दुसरा असता तर त्याने तिथेच नांगर टाकला असता (व्याह्यांच्या अर्थाने!). वालचंदांनी १९४१ साली विशाखापट्टणमला जहाजबांधणीच्या गोदीचा पाया घातला. ५ एप्रिल हा १९६४ पासून देशाचा सागरी दिन म्हणून पाळला जातो. पण मला त्याहून मोठी वाटते ती १४ मार्च १९४८ ही तारीख. त्या दिवशी पंडित नेहरूंच्या हस्ते त्या गोदीतले 'जलउषा' हे जहाज समुद्रात उतरले.