पावसाची तारीख कोणती?

सोलापूर जिल्ह्यातील करमाळा तालुक्यात केम नावाचे गाव आहे. पुण्याहून सोलापूरकडे आगगाडीने निघालात, की जेऊर आणि कुर्डुवाडी यांच्या दरम्यान हे स्टेशन लागते. केमचे कुंकू प्रसिद्ध आहे. हा सारा भाग पर्जन्यछायेचा. मोसमी वारे आपले बरेचसे पाणी सह्याद्रीवर रिते करतात आणि इकडे येईपर्यंत त्यांच्याजवळ थोडेच उरते. म्हणून येथील शेतकऱ्याचे डोळे सप्टेंबरच्या पावसाकडे लागलेले असतात. हा पाऊस बहुधा दुपार टळल्यावर ढग जमवतो, विजा चमकावतो आणि पुष्कळदा मध्यरात्र उलटली तरी पडत राहतो.

आता असे समजा, की केमच्या एका शाळेच्या आवारात स्वयंचलित पर्जन्यमापक बसविला आहे. तो दर अर्ध्या तासाला, त्या अर्ध्या तासात पडलेला पाऊस नोंदवितो. एका रात्री पाऊस झाला आणि पुढील नोंदी मिळाल्या. (आकडे केवळ उदाहरणासाठी घेतले आहेत.)

१४ सप्टेंबर, रात्री १०-०० : १२ मिलिमीटर
१४ सप्टेंबर, रात्री १०-३० : १६ मिलिमीटर
१४ सप्टेंबर, रात्री ११-०० : १० मिलिमीटर
१५ सप्टेंबर, रात्री १२-३० : १४ मिलिमीटर
१५ सप्टेंबर, रात्री १-०० : ९ मिलिमीटर
१५ सप्टेंबर, रात्री १-३० : ७ मिलिमीटर

प्रश्न साधा आहे. कोणत्या तारखेला किती पाऊस झाला?

कप्प्यांची युक्ती

दिवसाला ४८ नोंदी, म्हणजे सप्टेंबर महिन्याच्या १,४४० नोंदी झाल्या. इतक्या बेरजा हाताने करणे कंटाळवाणे, आणि चुकाही व्हायच्याच. हे काम संगणकाकडे सोपवू. टपाल कचेरीत पत्रे निवडताना प्रत्येक गावाचा एक कप्पा असतो, तसा येथे प्रत्येक तारखेचा एक कप्पा करावयाचा. संगणकाला द्यावयाच्या आज्ञा अशा :

१. नोंदींतील पुढची ओळ वाच.
२. तिच्यातील तारीख पाहा.
३. त्या तारखेचा कप्पा नसेल, तर नवा उघड आणि त्यात शून्य ठेव.
४. ओळीतील पाऊस त्या कप्प्यात मिळव.
५. ओळी संपल्या, की प्रत्येक तारीख आणि तिची बेरीज लिही.

अशा कामांसाठी १९७७ साली अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत ‘ऑक’ नावाची संगणकभाषा तयार झाली. आहो, वाइनबर्गर आणि कर्निगन या तिघा निर्मात्यांच्या आडनावांच्या आद्याक्षरांवरून हे नाव पडले. तीत ही सारी कृती एका ओळीत मावते. आज शाळांतून शिकविल्या जाणाऱ्या पायथन भाषेतही ती चार-सहा ओळींत लिहिता येते.

मात्र कप्प्यात काय ठेवायचे, हे राशी पाहून ठरवावे लागते. पावसाची बेरीज करतात. तपमानाची बेरीज करून हाती काहीच लागत नाही. तेथे दिवसाचे कमाल आणि किमान तपमान ठेवायचे. शिवाय प्रत्येक कप्प्यात किती नोंदी आल्या, हेही मोजावे. ४८ ऐवजी ३० च आल्या, तर यंत्र मध्येच बंद पडले होते असे समजावे. ‘पाऊस शून्य’ आणि ‘नोंदच नाही’ यांत फार फरक आहे.

दिवस केव्हा संपतो?

आता आपल्या आज्ञावलीचे उत्तर पाहू. १४ सप्टेंबरला ३८ मिलिमीटर आणि १५ सप्टेंबरला ३० मिलिमीटर. बेरजा अचूक आहेत. तरीही हवामान खात्याच्या रीतीने पाहिले, तर उत्तर चूक आहे!

भारतात पर्जन्यमापक सकाळी ८-३० वाजता पाहतात. आदल्या सकाळी ८-३० पासून तोपर्यंत पडलेला पाऊस त्या सकाळच्या तारखेवर लिहितात. म्हणजे पावसाचा दिवस मध्यरात्री संपत नाही, तो सकाळी साडेआठला संपतो. हीच वेळ का? आपल्याकडे ८-३० वाजतात तेव्हा ग्रिनिचच्या प्रमाणवेळेनुसार पहाटेचे ३ वाजलेले असतात. जगभरची हवामान केंद्रे त्या प्रमाणवेळेच्या ०, ३, ६, ९ अशा ठराविक तासांना एकाच वेळी निरीक्षणे घेतात.

या रीतीने आपल्या सहाही नोंदी १५ सप्टेंबरच्या कप्प्यात जातात आणि त्या तारखेचा पाऊस ६८ मिलिमीटर ठरतो.

तुम्ही म्हणाल, पाणी तेवढेच पडले ना? मग तारखेचा एवढा बाऊ कशाला? याचे कारण असे. महाराष्ट्रात एखाद्या महसूल मंडळात २४ तासांत ६५ मिलिमीटरहून अधिक पाऊस झाला, की तेथे अतिवृष्टी झाली असे धरतात. पिकांच्या नुकसानीबद्दल मदत ठरविताना हा आकडा पाहिला जातो. ६८ ही अतिवृष्टी झाली. ३८ आणि ३० या दोहोंपैकी एकही नाही. उडीद पाण्यात गेलेल्या शेतकऱ्याला हा फरक लहान वाटणार नाही. पावसाच्या दिवसांची मोजणीही बदलते. २.५ मिलिमीटर वा अधिक पाऊस झालेला दिवस ‘पावसाचा दिवस’ म्हणून मोजतात. असे दिवस आपल्या पहिल्या रीतीने दोन झाले, हवामान खात्याच्या रीतीने एकच.

उपाय

आज्ञावलीत एकच बदल करावयाचा. तारीख पाहण्यापूर्वी नोंदीच्या वेळेत १५ तास २९ मिनिटे मिळवायची. १४ तारखेच्या रात्रीचे १० वाजले होते, त्याची १५ तारखेची दुपारी १-२९ ही वेळ होईल आणि नोंद योग्य कप्प्यात पडेल. पुरते साडेपंधरा तास का नाहीत? सकाळी ८-३० ची नोंद ही तिच्या आधीच्या अर्ध्या तासातील पावसाची असते. साडेपंधरा तास मिळविले, तर ती बरोबर मध्यरात्रीवर जाऊन दुसऱ्या दिवसात शिरेल. ते एक मिनिट तिला अडवून धरते. यंत्र ग्रिनिचच्या वेळेने नोंदी करीत असेल, तर आधी साडेपाच तास मिळवून भारतीय वेळ करून घ्यावी.

करून पाहा

वरील सहा नोंदी कागदाच्या सहा चिठ्ठ्यांवर लिहा. प्रथम त्या मध्यरात्रीच्या हिशेबाने दोन ढिगांत लावा, मग साडेआठच्या हिशेबाने लावून पाहा. नंतर तुमच्या तालुक्यातील पावसाचे वृत्तपत्रात येणारे आकडे आठवडाभर टिपून ठेवा. प्रत्येक आकड्यापुढे एक प्रश्न लिहा : हा दिवस केव्हा सुरू झाला आणि केव्हा संपला? संगणक बेरजेत चुकणार नाही. दिवस कोठे तोडायचा, हे मात्र त्याला तुम्हीच सांगावयाचे आहे.