‘ले व्हाँपीर’: युद्धकालीन पॅरिसमधील एका टोळीचा मागोवा

पहिले महायुद्ध फ्रान्सच्या भूमीवर पेटलेले असताना, नोव्हेंबर 1915 मध्ये, गोमाँ कंपनीने ‘ले व्हाँपीर’ या दहा भागांच्या मूकपटाचे प्रदर्शन आरंभिले, आणि जून 1916 मध्ये अखेरचा भाग पडद्यावर येईपर्यंत एका दरोडेखोर टोळीने पॅरिसच्या प्रेक्षकांच्या चित्ताचा ताबा घेतला. दिग्दर्शक लुई फ्यॉयाद यांना विषय नवा नव्हता. ‘फाँतोमास’ ही गुन्हेगारी चित्रमाला त्यांनी युद्धापूर्वीच हाती घेतली होती, आणि मोटारीतून पसार होणाऱ्या बोनो टोळीची 1911-12 मधील दहशतही लोक विसरले नव्हते.

वार्ताहर फिलीप गेराँद टोळीचा माग काढतो, एक म्होरक्या मरताच दुसरा गादीवर येतो. कथानक एवढेच, आणि ते पुष्कळ ठिकाणी विस्कळीतही आहे. या कृतीचे सामर्थ्य, माझ्या मते, तिच्या निश्चल दृष्टीत आहे: कॅमेरा बहुधा एका जागी स्थिर, रस्ते खरेखुरे आणि कित्येकदा ओस, आणि त्या परिचित विश्वात भरदिवसा घडणारे अघटित. पाचव्या भागात एका उमरावाच्या वाड्यात जमलेल्या प्रतिष्ठितांवर, दारे बंद करून, वायू सोडला जातो. पाहुणे दारांकडे धावतात, एकमेकांवर कोसळतात, आणि मग आत शिरलेल्या काळ्या आकृती त्यांच्या अंगावरील जडजवाहीर निवांतपणे उतरवून घेतात. 1915 च्या एप्रिलातच ईप्रच्या आघाडीवर जर्मन सैन्याने क्लोरीन सोडला होता, हे ध्यानी घेतले म्हणजे तत्कालीन प्रेक्षकाला हे दृश्य केवळ मनोरंजन वाटले असेल, असे मानवत नाही.

तिसऱ्या भागात इर्मा व्हेपच्या भूमिकेत म्युझिदोरा अवतरली, आणि अंगासरशी काळ्या वेषातील ही स्त्री नायकाहून लोकप्रिय ठरली. गुन्ह्याचे उदात्तीकरण होते, या सबबीवर पोलीस खात्याने काही काळ मनाईहुकूम काढला, आणि प्रतिष्ठित समीक्षकांनी चित्रपटाची हेटाळणी केली. आंद्रे ब्रेताँ आणि लुई आरागाँ या तरुण कवींनी मात्र त्यातच आपल्या युगाचे सत्य पाहिले, आणि त्यांचाच निवाडा काळाने ग्राह्य धरला. फ्यॉयाद 1925 मध्ये, त्या गौरवापूर्वीच, निवर्तले. म्युझिदोराने उत्तरायुष्यात पॅरिसच्या ‘सिनेमातेक फ्राँसेझ’ या चित्रपट-संग्रहालयात काम केले, आणि 1957 मध्ये तिचे निधन झाले.