बंदीनंतर आंबा पुन्हा युरोपच्या दुकानांत : फळमाशीने दिलेला धडा

कोकणातील हापूसची पेटी भिलाईतील एखाद्या मराठी कुटुंबाच्या घरी पोहोचते, तेव्हा वाटेत तिची कीड-तपासणी कोणी करत नाही. आंबा कापल्यावर आत अळी निघाली, तर तेवढे फळ टाकून दिले जाते आणि विषय तिथेच संपतो. हीच अळी लंडनच्या विमानतळावर सापडली, तर तिची नोंद होते, निर्यातदार देशाला सूचना जाते आणि अशा नोंदी वाढत गेल्या की त्या देशाच्या मालाला दार बंद होते. २०१४ मध्ये भारतीय आंब्याच्या बाबतीत नेमके हेच घडले.

२०१३ या एका वर्षात भारतातून युरोपीय संघात गेलेल्या फळे व भाजीपाल्याच्या २०७ खेपांत फळमाशी व इतर हानिकारक किडी आढळल्या. त्यानंतर १ मे २०१४ पासून आंबा, वांगी, कारली, पडवळ आणि अळूची पाने या पाच पिकांच्या आयातीवर बंदी आली. ती ऐन हंगामात आल्यामुळे मोठा वाद उद्भवला. ब्रिटनमधील भारतीय वंशाचे व्यापारी व लोकप्रतिनिधी यांनी बंदी उठवण्याची मागणी केली. खासदार कीथ वाझ यांनी हा प्रश्न तेथील पंतप्रधानांपर्यंत नेला. भारत सरकारनेही आक्षेप नोंदवला. दुसऱ्या बाजूस, ब्रिटनमध्ये काचगृहांतील टोमॅटो व काकडीच्या पिकांना असलेला धोका पुढे करण्यात आला.

एका माशीची एवढी भीती का, हे तिच्या जीवनक्रमावरून कळते. आंब्यावरील फळमाशीची मादी पक्वतेकडे झुकलेल्या फळाच्या सालीखाली अंडी घालते. डंखाची खूण इतकी बारीक असते की प्रतवारी करताना ती सहज नजरेतून सुटते. एक-दोन दिवसांत अंडी उबून अळ्या गरात शिरतात. फळ बाहेरून निरोगी दिसते आणि पेटीत बंद होऊन हजारो किलोमीटर प्रवास करते. पूर्ण वाढलेली अळी फळातून बाहेर पडून मातीत कोषावस्थेत जाते. ही माशी एकाच पिकावर अवलंबून नसते. अनेक प्रकारच्या फळांवर ती जगते. ब्रिटनचा हिवाळा तिला कदाचित मानवणार नाही. पण युरोपीय संघात एका देशात उतरलेला माल दुसऱ्या देशात जाऊ शकतो आणि भूमध्य समुद्राकाठच्या उबदार फळबागा तिला मानवू शकतात. म्हणूनच नियम सर्वांत जास्त धोका असलेला प्रदेश विचारात घेऊन ठरवला जातो.

निवेदने आणि राजनैतिक चर्चा यांमुळे हा विषय जिवंत राहिला. बंदी उठण्यास मात्र पुरावा लागला. सप्टेंबर २०१४ मध्ये युरोपीय आयोगाच्या तज्ज्ञांनी भारतातील निर्यात-तपासणी व प्रमाणीकरण व्यवस्थेची पाहणी केली आणि तीत लक्षणीय सुधारणा झाल्याचे नोंदवले. २० जानेवारी २०१५ रोजी आंब्यावरील बंदी उठवण्याच्या बाजूने मतदान झाले. भाज्यांवरील बंदी मात्र त्या वेळी कायम राहिली. अपेडाच्या ‘मँगोनेट’ प्रणालीत बागांची नोंदणी होऊ लागली, त्यामुळे पेटीतील फळाचा माग थेट बागेपर्यंत काढणे शक्य झाले.

काढणीनंतरची प्रक्रिया किडीनुसार आणि बाजारपेठेनुसार बदलते. युरोपसाठी ४८ अंश सेल्सिअस तापमानाच्या पाण्यात ६० मिनिटे बुडवण्याची उष्णजल प्रक्रिया केली जाते. जपानने २००६ मध्ये भारतीय आंब्याला पुन्हा प्रवेश दिला, तो उष्णबाष्प प्रक्रियेच्या अटीवर. अमेरिकेची चिंता फळमाशीपुरती नव्हती. कोयीतील भुंग्याचाही प्रश्न होता. फळ सोसू शकेल एवढी उष्णता कोयीच्या आतील भुंग्याचा खात्रीने नाश करत नाही. म्हणून २००७ पासून अमेरिकेसाठी किमान ४०० ग्रे मात्रेची विकिरण प्रक्रिया स्वीकारली गेली. तीत भुंगा लगेच मरेलच असे नाही. पण त्याची प्रजननक्षमता नष्ट होते. सुरुवातीला हे काम लासलगाव येथील भाभा अणुसंशोधन केंद्राच्या ‘कृषक’ केंद्रात झाले.

बाजारपेठ पुन्हा उघडली म्हणजे ती कायमची उघडली, असे नव्हे. अमेरिकी गोमांसाचे उदाहरण बोलके आहे. गायींमधील मेंदूच्या रोगामुळे जपानने डिसेंबर २००३ मध्ये त्याची आयात थांबवली. मोठ्या वादानंतर डिसेंबर २००५ मध्ये ती पुन्हा सुरू झाली. परंतु जानेवारी २००६ मध्ये एका खेपेत निषिद्ध असलेला पाठीच्या कण्याचा भाग आढळला आणि आयात पुन्हा बंद पडली. ती जुलै २००६ मध्ये सुरू झाली. एका पुरवठादाराची चूक साऱ्या देशाला भोवली. आंब्याचेही गणित हेच आहे.

म्हणून प्रक्रिया केंद्र ही शेवटची चाळणी समजावी; खरे काम बागेतच करावे लागते. गळलेली व किडकी फळे रोज गोळा करून किमान दोन फूट खोल पुरावीत. बांधावर टाकलेले फळ हेच पुढील पिढीचे घर ठरते. झाडाखालील माती हलवल्यास कोष उघडे पडतात. फळे अंड्याच्या आकाराची असताना त्यांना कागदी पिशव्या घातल्यास मादीला अंडी घालता येत नाहीत. दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाने विकसित केलेला ‘रक्षक’ सापळा मिथिल युजेनॉलच्या गंधाने नरांना आकर्षित करतो. तो एकट्याने नव्हे, तर परिसरातील सर्व बागायतदारांनी एकाच वेळी लावला तरच त्याचा खरा उपयोग होतो.

दुर्ग-भिलाई आणि लगतच्या विदर्भातील भाजीपाला उत्पादकांसाठी यात एक महत्त्वाचा भेद आहे. कारली व पडवळ यांवरील फळमाशी वेगळ्या जातीची आहे. तिचे नर मिथिल युजेनॉलकडे नव्हे, तर क्यू-ल्युअरकडे येतात. आंब्याचा सापळा कारल्याच्या मांडवात टांगला, तर तो रिकामा राहील आणि ‘कीड नाही’ असा चुकीचा निष्कर्ष निघेल. वांग्यातील शेंडे व फळे पोखरणाऱ्या अळीसाठी तिचाच कामगंध सापळा लागतो आणि किडके शेंडे खुडून नष्ट करावे लागतात. विस्तार कार्यकर्त्यांनी सापळा देताना पीक, कीड आणि गंध यांची जोडी तपासून द्यावी.

२०१४ च्या बंदीत पाचपैकी चार पिके भाजीपाल्याची होती, हे अनेकदा विसरले जाते. निर्यात न करणाऱ्या शेतकऱ्याचेही नुकसान हीच अळी करते. फरक इतकाच की स्थानिक बाजारात त्या नुकसानीची कुठे नोंद होत नाही.