सर्व्हर घेण्याआधी कामठ्याचं ऊन बघा

गोंदिया जिल्ह्यात उन्हाळी धानाची आधारभूत खरेदी मे-जूनच्या सुमारास चालते. याच दिवसांत पारा पंचेचाळीसच्या घरात असतो, संध्याकाळी वादळ उठलं की वीज जाते, आणि काट्यापुढे कट्टे घेऊन थांबलेल्यांची रांग लांबत जाते. म्हणजे संगणकावर कामाचा भार जास्त असतो तेव्हाच त्याच्या भोवतालची हवा आणि वीज सर्वांत वाईट असते. कामठा हे गोंदिया शहराजवळचं, जुन्या जमीनदारीचं गाव. एका बाजूला बिरसीची धावपट्टी, बाकी धानाच्या बांध्या. अशा गावातल्या सोसायटीला, दवाखान्याला किंवा शाळेला स्वतःचा जावा प्रोग्रॅम स्वतःच्या सर्व्हरवर चालवायचा असेल, तर पहिला प्रश्न येतो, मशीन कोणतं घ्यायचं? दुकानातून येणाऱ्या कोटेशनची सुरुवात बहुतेक वेळा प्रोसेसरच्या नावाने होते. माझ्या मते ती चुकीच्या टोकाने होते.

समजा, खरेदी केंद्राचा हिशेब ठेवणारा एक प्रोग्रॅम आहे. शेतकऱ्याचं नाव, सातबारा, किती कट्टे, किती क्विंटल, बारदाना किती दिला, चुकारे झाले की नाही, एवढी माहिती त्यात भरायची. दहा जण दहा संगणकांवर बसले आणि प्रत्येकाने मिनिटाला एक नोंद केली, तरी सर्व्हरकडे मिनिटाला दहाच नोंदी येतील. नीट लिहिलेल्या प्रोग्रॅमला त्यातली एकेक नोंद पुरी करायला सेकंदाचा अगदी लहान अंश लागतो. चार कोअरचा साधा प्रोसेसर यात बहुतेक वेळ रिकामा बसेल. महिन्याचा अहवाल काढताना तो जरा धावेल, एवढंच. सोळा किंवा बत्तीस कोअरवर जाणारा पैसा दुसरीकडे लावला तर त्याचं चीज होईल.

प्रोसेसरची एवढी चिंता न करण्याचं दुसरं कारण जावाच्या रचनेतच आहे. जेम्स गॉसलिंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सन मायक्रोसिस्टिम्समध्ये घडवलेली ही भाषा १९९५ मध्ये जगापुढे आली. तिच्यात लिहिलेला प्रोग्रॅम थेट एखाद्या चिपच्या भाषेत उतरत नाही. तो बाइटकोडमध्ये उतरतो, आणि जावा व्हर्च्युअल मशीन तो बाइटकोड त्या-त्या संगणकावर चालवते. त्यामुळे एकच जार फाइल विंडोजवर चालते, लिनक्सवर चालते, इंटेलवर, एएमडीवर आणि आता आर्म चिपवरही चालते. ही मोकळीक मोठी आहे. मशीन आणि ऑपरेटिंग सिस्टिम निवडताना ‘प्रोग्रॅम चालेल का’ हा प्रश्न जवळजवळ संपतो. उरतं ते गाव, तिथली वीज, तिथली भाषा आणि देखभाल करणारा माणूस.

पैसा आधी मेमरीवर लावावा. जावा प्रोग्रॅम आपला माल ‘हीप’ नावाच्या मोकळ्या जागेत ठेवतो. त्या जागेची कमाल मर्यादा कोणी सांगितली नाही, तर व्हर्च्युअल मशीन सहसा संगणकाच्या एकूण मेमरीचा चौथा भाग धरते. आठ जीबीच्या मशीनवर म्हणजे दोनच जीबी. मग भर हंगामात ‘आउट ऑफ मेमरी’ असा संदेश येतो आणि नवीन सर्व्हर घेण्याची चर्चा सुरू होते. खरं तर एक्सएमएक्स नावाचा एक पर्याय नीट भरला असता, तर त्याच मशीनवर काम भागण्याची शक्यता होती. हीपच्या बाहेरही जावाला जागा लागते. क्लासची माहिती, भाषांतरित झालेला कोड आणि प्रत्येक थ्रेडचा साधारण एक एमबीचा स्टॅक बाहेरच राहतो. जावातले वेब प्रोग्रॅम चालवणारा टॉमकॅट मुळात दोनशे थ्रेडपर्यंत जाऊ शकतो. शेजारी पोस्टग्रेस किंवा मायएसक्यूएल यांपैकी एखादा डेटाबेस असतोच. आमच्या काल्पनिक केंद्राचा हिशेब असा: हीपला चार जीबी, हीपबाहेर एक, डेटाबेसला चार, ऑपरेटिंग सिस्टिमला दोन. बाकीची मेमरी डिस्कवरच्या फाइली हाताशी ठेवायला वापरली जाईल. सोळा जीबीत हे बसतं, बत्तीस घेतले तर पुढची काही वर्षं निवांत जातील. मेमरी कमी पडून हीपचा भाग स्वॅपमध्ये, म्हणजे डिस्कवर जाऊ लागला, तर फार हाल होतात. कचरा गोळा करणारा गार्बेज कलेक्टर सगळी हीप फिरून बघतो, आणि ती डिस्कवर असेल तर रांगेतली माणसं ताटकळतात.

मराठीचा भार इथे लक्षात घ्यावा लागतो. जावा ९ पासून रोमन लिपीतला मजकूर मेमरीत प्रत्येक अक्षराला एक बाइट घेतो, देवनागरी मात्र प्रत्येक चिन्हाला दोन. काना, मात्रा, वेलांटी, अनुस्वार ही सगळी वेगळी चिन्हं धरली जातात. ‘कामठा’ हा शब्द पाच चिन्हांचा आहे. मेमरीत तो दहा बाइट घेतो आणि डिस्कवर यूटीएफ-८ मध्ये पंधरा. आजच्या मशीनला हे जड नाही, पण इंग्रजी नोंदींवर बेतलेला अंदाज मराठी नोंदींना कमी पडतो, हे खरेदीच्या वेळी ध्यानात असावं.

मेमरी ईसीसी प्रकारची घ्यावी, म्हणजे एखादा बिट उलटला तर ती चूक आपणच ओळखून दुरुस्त करणारी. साधा डेस्कटॉप आणि अगदी लहान टॉवर सर्व्हर यांच्यातही हाच फरक मला सर्वांत मोलाचा वाटतो. एका बिटाने शेतकऱ्याच्या क्विंटलचा आकडा बदलला, तर तो कोणाच्या डोळ्यांना दिसणार नाही, आणि नुकसान मात्र त्या घराचं होईल.

डिस्कबद्दलही कळकळीने सांगावंसं वाटतं. डेटाबेस जेव्हा ‘नोंद झाली’ म्हणतो, तेव्हा ती खरंच कायमची लिहिली गेली असं तो वचन देतो. पण काही स्वस्त एसएसडी ती नोंद आधी स्वतःच्या तात्पुरत्या मेमरीत घेतात आणि लिहिली असं सांगून मोकळ्या होतात. त्या क्षणी वीज गेली की नोंद गेली, कधी कधी सगळी फाइलच बिघडते. सर्व्हरसाठीच्या एसएसडीत लहान कपॅसिटर असतात. वीज गेल्यावरच्या त्या थोड्याशा वेळात हातातलं लिखाण पुरं होईल एवढी वीज ते साठवून ठेवतात. वस्तू घेताना ‘पॉवर लॉस प्रोटेक्शन’ आहे का, हे लेखी मागावं. अशा दोन डिस्क आरशासारख्या जोडल्या की एक बिघडली तरी काम चालतं. तो बॅकअप नव्हे, हे मात्र विसरू नये. कोणी चुकून पुसलेली नोंद दोन्ही डिस्कवरून एकाच वेळी पुसली जाते.

विजेचं पाहू. तिरोड्याला ३,३०० मेगावॉटचं औष्णिक वीज केंद्र आहे, ते याच जिल्ह्यात. पण वादळात गावाच्या तारेवर फांदी पडली, तर त्या केंद्राचा त्या संध्याकाळी काही उपयोग नसतो. म्हणून यूपीएस हा सर्व्हरचाच भाग समजून त्याची किंमत पहिल्या दिवसापासून धरावी. ऑनलाइन प्रकारचा यूपीएस घ्यावा, आणि त्याची यूएसबी तार सर्व्हरला जोडावी. बॅटरी संपत आली की सर्व्हरने स्वतःहून डेटाबेस नीट बंद करून झोपावं, वीज आली की स्वतःहून उठावं, आणि प्रोग्रॅम कोणाचीही वाट न बघता सुरू व्हावा. लिनक्सवर हे सगळं फुकटच्या साधनांनी जमतं. अर्थिंग मात्र इलेक्ट्रिशियनकडून मोजून घ्यावं. पावसाळ्याच्या तोंडावर आकाशातली वीज नेटवर्कच्या लांब तारेतूनही आत शिरते.

उष्णतेचं गणित सरळ आहे. बऱ्याच सर्व्हरना आत ओढली जाणारी हवा ३५ अंशांपर्यंत असावी असं बनवणारेच सांगतात. पत्र्याच्या खोलीत मेमध्ये ती त्याहून बरीच वर जाते. मग प्रोसेसर स्वतःला जपण्यासाठी वेग कमी करतो, आणि डिस्कचं आयुष्य घटतं. म्हणून कमी वॅटचा प्रोसेसर, मोठ्या पंख्याचा टॉवर, आणि उत्तरेकडची, स्लॅबची खोली. रॅकमध्ये बसणारा चपटा सर्व्हर थंड, स्वच्छ खोलीसाठी घडवलेला असतो. धानाचा भुसा आणि कोंडा उडतो तिथे त्याचे चिमुकले पंखे लवकर भरतात. जाळी लावावी आणि ती ठरावीक दिवशी झाडावी.

आता ऑपरेटिंग सिस्टिम. विंडोज सर्व्हरचा परवाना कोअरच्या संख्येवर असतो, किमान सोळा कोअरचा घ्यावा लागतो, आणि जोडल्या जाणाऱ्या माणसांसाठी किंवा उपकरणांसाठी वेगळे परवाने लागतात. ज्या संस्थेत विंडोज जाणणारा माणूसच आहे, तिने ते घेण्यात काही वावगं नाही. पण जावासाठी मी लिनक्सच सुचवेन, आणि त्यातही अनेक वर्षं सुरक्षा दुरुस्त्या मिळतील अशी आवृत्ती. उबुंटूची एलटीएस आवृत्ती दर दोन वर्षांनी येते आणि तिला पाच वर्षं मूळ आधार मिळतो. डेबियनलाही साधारण तेवढाच.

हा आधाराचा काळ का महत्त्वाचा, ते गोंदियाहून निघणाऱ्या रेल्वेमार्गावरच शिकता येतं. बिलासपूरजवळ गनियारीला जन स्वास्थ्य सहयोग हे रुग्णालय आहे, दिल्लीच्या एम्समध्ये घडलेल्या डॉक्टरांनी उभं केलेलं. तिथल्या गरजेतून थॉटवर्क्स या सॉफ्टवेअर कंपनीने ‘बहमनी’ ही मुक्त रुग्णालय-प्रणाली रचली, आणि २०१३ पासून ती वापरात आली. तिच्या पोटात ओपनएमआरएस ही जावातली रुग्णनोंद प्रणाली आहे, प्रयोगशाळेसाठी ओपनएलिस आहे, हिशेबासाठी ओडू. इंटरनेटवर न विसंबता रुग्णालयाच्या आतल्या जाळ्यात चालावं, साध्या टॅबलेटवरून वापरता यावं, ही तिची मूळ बैठक. सुरुवातीची वर्षं ही प्रणाली सेंटओएस लिनक्सवर बसवली जाई. पुढे डिसेंबर २०२० मध्ये जाहीर झालं की सेंटओएस ८ चा आधार २०२९ ऐवजी २०२१ अखेरच संपेल. सेंटओएस ७ चा आधार जून २०२४ मध्ये संपला. बहमनी नंतर डॉकरच्या कंटेनरमध्ये, म्हणजे लागणाऱ्या सगळ्या गोष्टींसह बांधलेल्या स्वतंत्र डब्यात बसवली जाऊ लागली, त्यामुळे खाली कोणतं लिनक्स आहे याला तिचं बांधलेपण कमी झालं. कामठ्यातल्या लहान प्रोग्रॅमनेही हा मार्ग घ्यावा. जावा, टॉमकॅट आणि प्रोग्रॅम एका कंटेनरमध्ये ठेवले, तर खालची सिस्टिम बदलणं एका सुट्टीच्या दिवसाचं काम होतं.

जावाही निवडावी लागते. २०१९ पासून, जावा आता ज्यांच्याकडे आहे त्या ऑरेकलच्या जावा ८ च्या नव्या दुरुस्त्या व्यावसायिक वापरासाठी फुकट मिळेनाशा झाल्या, आणि अनेकांची तारांबळ उडाली. त्याच मूळ कोडवरचं ओपनजेडीके मोकळं आहे. एक्लिप्सचं टेमुरिन किंवा लिनक्ससोबत येणारं ओपनजेडीके घ्यावं, आवृत्ती १७ किंवा २१ सारखी दीर्घ आधाराची असावी.

आता मराठी. कोटेशनमध्ये हिचा उल्लेख नसतो, आणि पहिली पावती छापल्यावर सगळ्यांना ती आठवते. जावा १८ च्या आधी विंडोजवर फाइल वाचता-लिहिताना मशीनची जुनी अक्षरसारणी गृहीत धरली जाई, आणि मराठी नावांच्या जागी प्रश्नचिन्हं उमटत. मार्च २०२२ च्या जावा १८ पासून यूटीएफ-८ हेच मूळ ठरलं. जुन्या आवृत्तीवर असाल तर ते हाताने सांगावं लागतं. लिनक्सचा बेताचा सर्व्हर बसवला तर त्यात देवनागरी फॉन्ट नसण्याची शक्यता असते. मग पीडीएफमध्ये नुसते चौकोन दिसतात. नोटो किंवा लोहित देवनागरी आणि फॉन्टकॉन्फिग बसवलं की तो प्रश्न सुटतो. त्यापुढची अडचण अवघड आहे. पीडीएफ बनवणाऱ्या काही लायब्ररींना देवनागरी जुळवता येत नाही. ‘गोंदिया’ची पहिली वेलांटी द च्या उजवीकडे जाऊन बसते आणि जोडाक्षरं तुटतात. हा दोष मशीन महाग घेऊन जात नाही. प्रोग्रॅम विकणाऱ्याकडून आपल्याच गावातली, जोडाक्षरं असलेली शंभर नावं छापून घ्यावीत आणि मगच पैसे द्यावेत. वेळेचंही तसंच. सर्व्हरचं घड्याळ आणि जावाचा टाइम झोन आशिया/कोलकाता वर नसेल आणि जागतिक वेळ धरली गेली असेल, तर मध्यरात्रीपासून पहाटे साडेपाचपर्यंतच्या नोंदी आदल्या दिवशी पडतात. बाळाच्या जन्मनोंदीत असं झालेलं कोणालाही परवडणार नाही.

हे सगळं मुंबईतल्या डेटा सेंटरमध्ये भाड्याने का ठेवू नये? ठेवता येतं. ॲमेझॉनने २०१६ मध्ये मुंबईत आपलं केंद्र सुरू केलं, इतरही आहेत, आणि तिथे ऊन, भुसा, वीज यांची काळजी दुसरं कोणी वाहतं. जिल्हाभर पसरलेल्या संस्थेने तेच करावं. पण एकाच जागी रांग लावून काम करणाऱ्या केंद्राची फायबर रस्त्याच्या खोदकामात तुटली, तर काटा थांबता कामा नये. तिथे मशीन गावातच हवं, आणि रोज रात्री बॅकअपची एक कूटबद्ध प्रत बाहेर जायला हवी.

पैसे देण्याआधी एक चाचणी घ्यावी. अपाचे जेमीटर हे फुकटचं साधन (तेही जावातच लिहिलेलं आहे) घेऊन हंगामाच्या दुप्पट नोंदी तासभर सर्व्हरवर सोडाव्यात. त्या चालू असतानाच यूपीएसचा प्लग भिंतीतून काढावा आणि बॅटरी संपू द्यावी. सर्व्हर पुन्हा उठल्यावर शेवटची नोंद जागेवर आहे का, ते बघावं. नंतर कालचा बॅकअप दुसऱ्या एखाद्या जुन्या संगणकावर उतरवून प्रोग्रॅम तिथे चालवून पाहावा, आणि हे काम सोसायटीच्याच माणसाकडून, विक्रेत्याला फोन न करता करून घ्यावं.