पेडगावच्या भुईकोटात मुलांची शोधफेरी

शोधफेरी म्हणजे कोडी सोडवत केलेली पायी भटकंती. प्रत्येक कोड्याचे उत्तर वाटेवरच्या एखाद्या खुणेत असते आणि ते सापडले की पुढचा टप्पा कळतो. या खेळाचे मूळ इंग्लंडमध्ये सापडते: डार्टमूरच्या माळावर १८५४ मध्ये जेम्स पेरट या वाटाड्याने एका दुर्गम जागी बाटली ठेवली. तिथवर चालत येणाऱ्यांनी आपल्या नावाची चिठ्ठी तिच्यात टाकायची, असा प्रघात पडला. अमेरिकेत व्हरमाँट आणि न्यू हॅम्पशायर या राज्यांच्या सीमाभागात १९९५ पासून गावोगावचा इतिहास आणि निसर्ग ओळखण्यासाठी अशा फेऱ्या रचल्या गेल्या. नुसते ‘चला, चला’ म्हटल्याने कंटाळणारे मूल काही शोधायचे असले की आपणहून चालते, हे त्यामागचे साधे कारण.

काष्टी परिसरातील कुटुंबांना अशा फेरीसाठी श्रीगोंदे तालुक्यातच उत्तम जागा आहे. भीमेच्या उत्तर काठावरचा पेडगावचा किल्ला एका सकाळीत पाहून परतता येतो. भुईकोट असल्याने चढण नाही. पाच-सहा वर्षांचे मूलही तो पायी पाहू शकते. मोगल सुभेदार बहादूरखान कोकलताश याची छावणी इथे होती, म्हणून तो बहादूरगड. आज तो धर्मवीरगड या नावानेही ओळखला जातो.

फेरीची सुरुवात भैरवनाथ मंदिरापासून करावी. तिथले वीरगळ, म्हणजे वीरांच्या स्मरणार्थ उभारलेले कोरीव दगड, मुलांसाठी चित्रपुस्तकच आहेत. वीरगळ सामान्यतः खालून वर वाचतात: तळाशी धारातीर्थी पडलेला वीर, त्यावर लढाई, त्याच्या वर वीराला स्वर्गात नेणाऱ्या अप्सरा आणि सर्वांत वर शिवलिंगाची पूजा. माथ्याजवळ पुष्कळदा सूर्य-चंद्र असतात. जोवर ते आहेत तोवर कीर्ती राहील, हा त्यांचा अर्थ. ‘या दगडावर लढाई कितव्या मजल्यावर आहे?’ एवढा प्रश्न लहानग्यांना पुरतो. थोरल्यांनी सगळे कप्पे वहीत काढावेत.

पुढचा टप्पा जुन्या मंदिरांचा. मल्लिकार्जुन, लक्ष्मीनारायण, बाळेश्वर आणि रामेश्वर ही मंदिरे मोगल छावणीच्या कितीतरी आधीची, यादवकाळाशी नाते सांगणारी आहेत. लक्ष्मीनारायण मंदिराचे कोरीवकाम विशेष बारकाईचे. इथे कोडी नजरेला कामाला लावणारी असावीत: हातात वाद्य असलेली मूर्ती कुठे आहे? कोणते नक्षीकाम पुन्हापुन्हा येते?

नदीच्या बाजूला हत्तीमोटेचे अवशेष आहेत. भीमेचे पाणी उपसून वर आणण्याची ही सोय होती. शेतातली बैलांची मोट आजी-आजोबांनी पाहिलेली असते. तिची आठवण त्यांनी सांगितली की मुलांना या बांधकामाचा उपयोग कळतो. या टप्प्याचे कोडे असे असू शकते:

बैल नव्हे, रेडा नव्हे, सोंडवाला राबला;
भीमामाईचा घोट त्याने गडावर पोचवला.

गोष्टींसाठी थांबे ठरवून ठेवावेत. शिवाजी महाराजांच्या राज्याभिषेकानंतर लगेचच, जुलै १६७४ मध्ये मराठ्यांच्या दोन हजार स्वारांनी बहादूरखानाला हूल देऊन छावणीपासून दूर नेले आणि सात हजारांच्या दुसऱ्या फौजेने मागे उरलेली छावणी लुटली. एक कोटीचा ऐवज आणि दोनशे उमदे घोडे हाती लागले. हा गनिमी कावा मुलांना मातीत रेघा ओढून दाखवता येतो. फेब्रुवारी १६८९ मध्ये संगमेश्वरला पकडलेल्या छत्रपती संभाजी महाराजांना याच ठिकाणी औरंगजेबाच्या छावणीत आणले गेले. तो प्रसंग मुलांचे वय पाहून, पण खरेपणाने सांगावा.

फेरी आखताना मोठ्यांनी आधी एकदा सगळी वाट चालून पाहावी. सहा ते आठ कोडी पुरेत आणि एखादे तरी सर्वांत धाकट्याला सुटेल असे हवे. दर थांब्यावर उत्तरातले एक अक्षर घेऊन शेवटी एक शब्द जुळवायचा, अशी रचना केली तर मुले अखेरपर्यंत टिकतात. परदेशात शेवटी लपवून ठेवलेल्या पेटीतला शिक्का वहीत उमटवतात. पेडगावात पेटी पुरण्यासाठी खणू नये. शिक्का मोठ्यांनी पिशवीत न्यावा.

दिवाळीनंतर माघापर्यंतचा काळ सर्वांत बरा. सकाळी लवकर निघावे. पाणी, टोप्या, भाकरी-चटणी किंवा दशम्या सोबत असाव्यात. वेड्या बाभळीच्या काट्यांमुळे चपलेऐवजी बूट घालावेत. दगडांखाली विंचू असू शकतात, म्हणून दगड उचलू नयेत आणि पडक्या भिंतींवर चढू नये. पडक्या वास्तूंत आग्यामोहोळ दिसल्यास गोंगाट न करता लांबूनच वळावे. नदीकाठी मुलांचा हात सोडू नये. शिल्पांवर खडू, रंग किंवा नाव लागता कामा नये. पाहायचे, मोजायचे आणि वहीत उतरवायचे.

शाळांनाही ही फेरी सहलीसाठी वापरता येईल. दर पावसाळ्यानंतर गवत-झुडपांनी वाटा झाकल्या जातात, तेव्हा कोडी पुन्हा तपासून घ्यावीत. आधीच्या वर्षी फेरी केलेल्या मुलांनी पुढच्या मुलांसाठी नवी कोडी रचली, तर किल्ल्याची ओळख गावातल्याच मुलांकडून पुढे जात राहील.