क्रोशाचें विणकाम : रचना आणि देवघेव

फुरसतीचा वेळ सत्कारणीं लावण्याचे मार्ग अनेक आहेत. परंतु ज्यांत हात, डोळे आणि बुद्धि या तिहींस एकाच वेळीं काम मिळतें, आणि ज्याचें फळ दुसऱ्याच्या अंगावर घालतां येतें, असे छंद थोडेच. क्रोशाचें विणकाम हा त्यांपैकीं एक होय. आमच्याकडील घरांतून हें काम अपरिचित नाहीं. रुखवतांत मांडलेले रुमाल, दारावरील तोरण, तान्ह्या मुलाचें टोपडें, हीं बहुतेक वाचकांनीं पाहिलींच असतील. तथापि पुष्कळ ठिकाणीं हें काम दुसऱ्याचा नमुना समोर ठेवून त्याची नक्कल करण्यापाशींच थांबतें. वस्त्राची रचना स्वतः कशी करावी, आणि केलेली रचना दुसऱ्याच्या हातीं कशी द्यावी, याचा थोडासा विचार या लेखांत करण्याचें आम्हीं योजिलें आहे.

'क्रोशे' हा शब्द मूळचा फ्रेंच असून त्याचा अर्थ लहान आंकडा असा आहे. दोन सुयांच्या विणकामांत संबंध ओळीचे टांके सुईवर उघडे असतात. एखादा निसटला कीं तो खालपर्यंत उसवत जातो. क्रोशांत मात्र प्रत्येक टांका पुरा झाल्यावर सुईवर बहुधा एकच फांसा शिल्लक राहतो. म्हणून हें काम केव्हांही खालीं ठेवतां येतें, चुकलें तेवढेंच उसवितां येतें, आणि वाटेल त्या दिशेस वळवितां येतें. नवीन रचना करूं पाहणारास ही मोठीच सवलत आहे.

मुख्य टांके तीन. फांशांतून फांसा ओढीत गेलें म्हणजे साखळी होते. सुई खालच्या टांक्यांत घालून एक फांसा वर काढला, व सुईवरील दोन्ही फांसे एकदम सोडविले, म्हणजे मुका खांब होतो. सुईवर अगोदर दोऱ्याचा एक वेढा घेऊन मग फांसा काढला, आणि सुईवर झालेले तीन फांसे दोन-दोन करून सोडविले, म्हणजे खांब होतो. टोपड्यापासून शालीपर्यंत बहुतेक सर्व काम या तिहींच्या जुळणीनें होतें.

हें ज्ञान एकापासून दुसऱ्याकडे कसें गेलें, हें पाहणें बोधप्रद आहे. क्रोशाचे छापील नमुने हॉलंडांतील 'पेनेलोपे' नांवाच्या मासिकांत 1823 पासून आढळतात. पुढें 1840 नंतरच्या दशकांत एलेओनोर रिएगो द ला ब्रांशार्दिएर या विदुषीनें लंडन येथें नमुन्यांचीं पुस्तकें एकामागून एक प्रसिद्ध केलीं, व त्यामुळें हें काम घरोघर पोहोंचलें. त्याच सुमारास, 1845 पासून, आयर्लंडमध्यें बटाट्याच्या पिकावर रोग पडून भयंकर दुष्काळ उद्भवला. तेव्हां कॉर्क शहराजवळील ब्लॅकरॉक येथें उर्सुलाइन भगिनींनीं, आणि 1847 मध्यें क्लोन्स या गांवीं कॅसँड्रा हँड या बाईनें, गरीब स्त्रियांस हें काम शिकविण्याची सोय केली. गुलाबाचीं फुलें व शॅमरॉकचीं त्रिदळ पानें जाड दोरीवर दाट टांक्यांनीं उठावदार विणावयाचीं, आणि मग तीं सर्व बारीक जाळीनें एकत्र जोडावयाचीं, अशी त्यांची पद्धत होती. त्या मजुरीवर अनेक कुटुंबांनीं ते कठीण दिवस काढले. परंतु पोटाचा प्रश्न असल्यामुळें कित्येक घरांतून आपापल्या फुलांचे नमुने गुप्त राखण्याची चाल पडली. त्यांची सावधगिरी समजण्याजोगी आहे. पण जो नमुना कोठें लिहिला गेला नाहीं, तो त्या हातांबरोबरच नाहींसा व्हावयाचा.

आपल्या देशांत गोदावरीच्या मुखाशीं असलेल्या आंध्रांतील नरसापूर या गांवाचें उदाहरण याहूनही विचार करण्यासारखें आहे. तेथील स्त्रिया हें काम एकोणिसाव्या शतकांत मिशनरी कुटुंबांपासून शिकल्या, आणि पुढें तेथून परदेशीं माल जाऊं लागला. जर्मन समाजशास्त्रज्ञ मारिया मीस यांनीं या स्त्रियांविषयीं एक ग्रंथ 1982 मध्यें प्रसिद्ध केला. कामाची वांटणी अशी कीं, एकीनें फुलें विणावीं, दुसरीनें तीं जोडावीं, आणि पुरा झालेला माल व्यापाऱ्यानें न्यावा, असें त्यांनीं वर्णिलें आहे. दिवसभर राबून मजुरी मात्र अत्यल्प. कारागिरीची उणीव तेथें मुळींच नव्हती. परंतु संपूर्ण वस्त्राची रचना, त्याचा हिशेब आणि बाजार, हीं तीनही विणणारीच्या हाताबाहेर होतीं. छंद म्हणून विणणारांचा प्रश्न पोटाचा नाहीं हें खरें. तरी बोध त्यांसही लागू आहे. ज्यास नुसते टांके येतात तो दुसऱ्याच्या आज्ञेनें विणतो. ज्यास रचना येते तो स्वतःच्या इच्छेनें विणतो.

आतां रचना म्हणजे काय? वाचकांस आश्चर्य वाटेल, परंतु तिचा पाया अंकगणित होय. आपण सहा महिन्यांच्या मुलासाठीं लोकरीचें टोपडें करावयाचें असें समजूं. प्रथम जी लोकर व जी सुई वापरावयाची, तींनींच खांबांचा एक चौकोन विणून पाहावा. तो निदान 12 सेंटिमीटर असावा, म्हणजे कडा सोडून मधले 10 सेंटिमीटर नीट मोजतां येतात. त्या 10 सेंटिमीटरांत आडवे 16 खांब व उभ्या 8 ओळी बसल्या असें धरूं. मुलाच्या डोक्याचा घेर 42 सेंटिमीटर भरला, तर टोपडें थोडें ताणून बसावें म्हणून घेर 40 धरावा. त्यास 64 खांब लागतील. टोपड्याच्या माथ्याची चकती 40 सेंटिमीटर घेराची व्हावयाची, तर तिचा व्यास सुमारें 12.7 आणि त्रिज्या 6.3 सेंटिमीटर येते. एक ओळ सव्वा सेंटिमीटर उंच असल्यामुळें पांच फेऱ्यांत चकती पुरी होईल.

खांबांची चकती सपाट राहण्यास पहिल्या फेरींत 12 खांब घ्यावे व पुढील प्रत्येक फेरींत 12 वाढवावे, असा सामान्य नियम आहे; मुक्या खांबांस हीच संख्या 6 असते. वाढ कमी पडली तर चकतीची वाटी होते, अधिक झाली तर कडेस चुण्या पडतात. म्हणून चार साखळ्यांचें कडें करून त्यांत 12 खांब घालावे. दुसऱ्या फेरींत प्रत्येक खांबावर दोन, तिसरींत एकाआड एकावर दोन, चौथींत प्रत्येक तिसऱ्यावर व पांचवींत प्रत्येक चौथ्यावर दोन, याप्रमाणें संख्या 24, 36, 48 आणि 60 होईल. सहाव्या फेरींत दर पंधराव्या खांबावर एक वाढविला कीं 64 भरले. यापुढें वाढ न करितां सहा फेऱ्या घातल्या म्हणजे एकंदर 12 फेऱ्यांचें, माथ्यापासून कडेपर्यंत 15 सेंटिमीटरांचें टोपडें तयार होतें. उंच-सखल नक्षी, रंगीत पट्टी, कानावर येणारी कुंचीसारखी झालर, हें सर्व या सांगाड्यावर ज्यानें त्यानें आपल्या आवडीप्रमाणें चढवावें. मात्र तान्ह्या मुलाच्या वस्त्रांत बोटें अडकतील अशीं मोठीं भोकें, लांब बंद, किंवा सैल गुंड्या ठेवूं नयेत. कोंकणासारख्या दमट हवेंत लोकरीपेक्षां सुती दोरा बरा.

येथपर्यंत रचना झाली, आतां देवघेव. पुष्कळांस वाटतें कीं, तयार टोपडें दाखविलें म्हणजे झालें. परंतु प्रत्येकाचा हात निराळा असतो. एखाद्या सैल हाताच्या मैत्रिणीचे 10 सेंटिमीटरांत 14 च खांब बसले, तर तेच 64 खांब सुमारें 46 सेंटिमीटर भरतील, आणि टोपडें मुलाच्या डोळ्यांवर येईल. घट्ट हातानें 18 बसले, तर घेर 36 च्याही आंत राहून तें डोक्यांत जाणारच नाहीं. टांके बरोबर मोजूनही वस्त्र बिघडतें तें यामुळें. म्हणून नमुना लिहितांना मोजमापाचा चौकोन सर्वांच्या वर लिहावा. त्यावरून दुसऱ्यास सुई बदलून किंवा संख्या पुन्हां काढून आपलें काम जुळवितां येतें.

त्याखालीं दोऱ्याची जात व जाडी लिहावी. सुती दोऱ्यांत अंक जितका मोठा तितका दोरा बारीक, हें नवशिक्यानें ध्यानांत ठेवावें. मग सुईचें माप मिलिमीटरांत, वस्त्राचें पुरें माप, आणि प्रत्येक फेरीच्या शेवटीं खांबांची एकूण संख्या द्यावी, म्हणजे चूक झाल्यास ती त्याच फेरींत सांपडते. फेरीच्या आरंभींच्या तीन साखळ्या एक खांब म्हणून मोजल्या आहेत कीं नाहींत, हेंही स्पष्ट सांगावें. नांवांचा घोटाळा तर विलक्षण आहे : आमच्या मुक्या खांबास इंग्लंडांत 'डबल क्रोशे' म्हणतात आणि अमेरिकेंत 'सिंगल क्रोशे', आमचा खांब इंग्लंडांत 'ट्रेबल', तर अमेरिकेंत 'डबल'. यास उत्तम उपाय चिन्हांचा. साखळीस लहान लंबवर्तुळ, मुक्या खांबास फुली, आणि खांबास मध्यें तिरपी रेघ दिलेला टी, अशीं चिन्हें काढून केलेला नकाशा भाषा न जाणणाऱ्यासही वाचतां येतो. जपानी नमुने अशाच नकाशांवरून जगभर विणले जातात.

नमुना लिहून झाला कीं तो लगेच वांटूं नये. एखाद्या स्नेह्यास तोंडी कांहींएक न सांगतां केवळ कागदावरून तो विणावयास द्यावा. जेथें तो अडेल तेथें आपलें लिहिणें अपुरें आहे असें समजावें. तसेंच, मूळ कल्पना दुसऱ्याची असेल तर तिचें नांव कागदावर अवश्य घालावें. आणि विक्रीसाठीं छापलेला नमुना उतरून वांटूं नये, कारण त्यावर कोणाचा तरी चरितार्थ असूं शकतो. आपला स्वतःचा नमुना मात्र मोकळ्या मनानें द्यावा.

आमच्या घरांतून आजीच्या हातचीं सुंदर कामें पेटींत जपून ठेविलेलीं असतात, पण त्यांचे हिशेब कोणी लिहून ठेविलेले नसतात. ज्यांच्या घरीं अशी आजी किंवा मावशी असेल, त्यांनीं येत्या सुटींत वही घेऊन तिच्याजवळ बसावें, तिचे टांके मोजावे, आणि पानाच्या माथ्यावर तिचें नांव लिहावें. मुलांनींही हें काम मुलींचें म्हणून टाळूं नये. मोजणें व लिहिणें सर्वांसच येतें. विणलेलें टोपडें एका मुलास एक हिंवाळा ऊब देतें, आणि पुढें तें आंखूड होतें. नीट लिहिलेला नमुना, आम्हीं पाहिलेंही नाहीं अशा मुलांच्या डोक्यांवर टोपडीं घालीत राहतो.